मळखाऊ रंगाचं उन्हाळी जाकीट

माणसाला ऊन लागतं ते सूर्यामुळे नव्हे, चुकीच्या कपड्यांमुळे. सूर्य कोणत्याही कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, आणि जे अखत्यारीत येत नाही त्याला जबाबदार धरता येत नाही. कपडे मात्र अखत्यारीत येतात. म्हणूनच गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाने 'उन्हाळी मैदानी पोशाख निवड समिती' स्थापन केली आणि तिचा सदस्य-सचिव म्हणून माझी निवड झाली. (या निवडीसाठी मी कसलाही वशिला लावला नव्हता. त्या दिवशी मी रजेवर होतो, एवढंच.)

आमचं काम समाजोपयोगी आहे. पावसाळ्याआधी उपनगरातल्या इमारतींच्या गच्च्यांवर जायचं, टाक्यांची झाकणं, कुंड्यांखालच्या ताटल्या, कोणीतरी कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेले टायर तपासायचे, आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर सोसायटीला कळवायचं. हे सगळं एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी. सकाळी का जात नाही, असं काही अजाण लोक विचारतात. सकाळी सोसायटीला पाणी येतं, तेव्हा लोक कामात असतात. संध्याकाळी ते दमलेले असतात. दुपारी कोणालाच त्रास होत नाही, आमची माणसं सोडून.

तोवर ही माणसं आपापल्या मर्जीने कपडे घालत. धुऊन धुऊन पातळ झालेला सुती शर्ट, डोक्याला ओला पंचा. बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवत. त्यांना उन्हाचा फारसा त्रास होत नसे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण हे कपडे कोणी ठरवून दिलेले नव्हते. वरून मंजुरी न घेता खालच्या माणसाला बरं वाटू लागलं, तर उद्या त्याला कार्यालयाची गरजच उरणार नाही.

समितीच्या बैठका अंधेरीतल्या आमच्या मुख्य इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत होत. या खोलीतला एसी अठरावर अडकला आहे. दुरुस्तीवाला येऊन गेला, पण त्याला थंडी वाजायला लागली म्हणून 'उद्या बघतो' म्हणाला. अध्यक्ष चंद्रप्रकाश साहेब हाफ स्वेटर घालून येत. मी मफलर आणत असे. प्रांजल नावाची तरुण सल्लागार, जिने पोशाख या विषयाचा परदेशी कोर्स केला होता, तिने पहिल्या बैठकीनंतर मोजे घालायला सुरुवात केली. अशा पूर्ण तयारीनिशी आम्ही उन्हाचा विचार करायला बसलो.

पहिला नमुना मलमलीचा होता. साहेबांनी तो गालाला लावला आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अरे, हे काय आणलंय? ह्यात माणूस गारठून मरेल!"

मलमल बाद झाली. नंतरचं सुती कापड 'अंगाला लागतच नाही' या कारणास्तव बाद झालं. मग आलं आतून अस्तर लावलेलं, बाहेरून पाणी न शिरणारं पॉलिस्टर. साहेबांनी ते जाकीट स्वेटरवरच चढवलं, हात बगलेत घातले आणि डोळे मिटले. "आता कसं बरं वाटलं!" ते म्हणाले. मीही घालून बघितलं. खरंच बरं वाटत होतं. कापड नुसतं कागदावर न निवडता स्वतःच्या अंगावर चढवून निवडणारी समिती आमच्या कार्यालयाच्या इतिहासात हीच पहिली.

रंगाच्या प्रश्नावर थोडे मतभेद झाले. प्रांजलचं म्हणणं पांढरा किंवा फिकट रंग घ्यावा. साहेब गंभीर झाले. "आमच्या आईने आम्हा पाच भावंडांना कायम मळखाऊ रंगाचे कपडे घेतले. आमचं काही अडलं?" साहेबांच्या मातोश्रींविरुद्ध मतदान करण्याची हिंमत कोणात नव्हती. गडद निळा रंग मंजूर झाला. मापाच्या बाबतीतही त्याच माउलीचा आदर्श ठेवून सर्व जाकिटं वाढत्या अंगाची घेण्यात आली. (आमच्या मैदानी कर्मचाऱ्यांचं सरासरी वय सेहेचाळीस आहे. पण माणसाने आशा सोडू नये.) आपलंही काही चालावं म्हणून प्रांजलने पाठीवर अंधारात चमकणारे पट्टे सुचवले. काम दुपारी चालतं, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं. "पण उद्या वेळ बदलली तर?" ती म्हणाली. याला दूरदृष्टी म्हणतात.

प्रत्यक्ष पाहणीही केली, कोणी नावं ठेवायला नको म्हणून. समिती गाडीने दिंडोशीला गेली आणि सकाळी साडेसातला एका गच्चीवर उभी राहिली. डोंगराकडून छान वारा येत होता. कोकम सरबत घेऊन समिती परतली, आणि उन्हाबद्दलच्या तक्रारींमध्ये अतिशयोक्ती असावी अशी नोंद केली.

आता शेवंती धुरी यांच्याविषयी. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहतात, माहेर मालवणकडचं. अकरा वर्षं गच्च्या चढतात. कंत्राटी आहेत आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. जाकीट घालून पहिल्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा बाह्यांतून त्यांची बोटंही दिसत नव्हती. चेहरा तेवढा दिसत होता. तो लाल होता.

"काय ओ साहेब," त्या मला म्हणाल्या, "एवढी ऊब मला बाळंतपणात पण कोणी दिली नाय."

हा अभिप्राय मी 'समाधानकारक' या रकान्यात टाकला.

गच्चीवर जाकीट काढून ठेवायची सोय नव्हती, कारण प्रत्येक गच्चीवरून काम करतानाचा, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेला स्वतःचा फोटो पाठवायचा, तरच हजेरी लागे. चौथ्या दिवशी गोरेगावच्या एका गच्चीवर शेवंतीबाई टाकीशेजारी चक्कर येऊन पडल्या. वॉचमनने त्याच टाकीतलं पाणी तोंडावर मारलं. (टाकीत अळ्या नव्हत्या. याचं श्रेय आमच्या खात्याला आहे.) नियमाप्रमाणे त्यांना लेखी समज देण्यात आली: दुसऱ्यांदा चक्कर आल्यास मैदानी कामास अपात्र. म्हणजे घरी. आमच्याकडे दोनच प्रकारची कामं आहेत, गच्चीवरचं आणि बैठकीतलं, आणि बैठकीला लागणारी शैक्षणिक पात्रता त्यांच्याकडे नाही.

त्या थेट बैठकीत आल्या. "साहेब, मला माझा जुना शर्ट घालू द्या. दुसरं काय नको."

"अहो बाई, पण जाकीट चांगलं ऊबदार आहे!" साहेब म्हणाले.

"तेच सांगतेय ना मी!"

साहेबांना काही कळेना. तेवढ्यात शेवंतीबाईच कुडकुडायला लागल्या. साहेब मनाने चांगले आहेत. त्यांनी उठून स्वतःच्या हाताने जाकीट बाईंच्या खांद्यावर घातलं. "आता? बरं वाटतंय की नाही?"

"हितं बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे.

मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. वाईट वाटण्याची नोंद इतिवृत्तात घेता येत नाही, म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. पुढच्या बैठकीत साहेबांना इतकी सर्दी झाली होती की ते प्रत्येक ठरावाला शिंकून होकार देत होते. त्या ओघात मी 'गळ्यात ओळखपत्र असल्यास स्वतःचे सुती कपडे चालतील' हा ठराव मंजूर करून घेतला.

शेवंतीबाई शर्ट आणि ओला पंचा घेऊन खुशीत निघाल्या. आता तरी सगळं सुरळीत होईल, असं मला वाटलं. चूक माझीच.

अकरा वर्षं चाललेला शर्ट, एकदा जाकीट बघितल्यावर सोसायट्यांना खोटा वाटू लागला होता. जाकीट होतं तेव्हा दहापैकी नऊ सोसायट्या त्यांना आत घेत. सुती शर्टावर दहापैकी दोन, आणि त्यातल्या एकीचा वॉचमन जेवायला गेला होता. "ओळखपत्र काय, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही छापून देतो," असं बोरिवलीतल्या एका सेक्रेटरींनी सुनावलं. त्यांचं बरोबर आहे, आमची तिथेच छापली होती. दुसऱ्या एका इमारतीतल्या काकूंनी दाराच्या भिंगातून बाईंचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'सावधान! ही बाई टाकी तपासायच्या निमित्ताने गच्चीवर जाते.' ती त्यासाठीच जात होती. पण मजकुराखाली 'सर्वांना पाठवा' असं लिहिलेलं होतं, आणि आपल्या उपनगरांत सांगितलेलं काम लोक मनापासून करतात.

आठवड्याने शेवंतीबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "द्या ते जाकीट."

"अहो, पण चक्कर?"

"आली तर आली. निदान गेटच्या आत तरी येईल. भाईर उभी राहून येण्यापरीस ते बरं."

गेटवर घाला आणि गच्चीवर काढा, असा मार्ग मी हळूच सुचवला. त्यांनी तेही करून बघितलं. समोरच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांचा लगेच फोन आला: तुमची बाई गणवेश काढून सावलीत बसली आहे, आम्ही व्हिडिओ काढलाय. नागरिक जागरूक असला की प्रशासनाला काम फार कमी उरतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुलुंडच्या एका गच्चीवर शेवंतीबाईंना दुसऱ्यांदा चक्कर आली. चेन गळ्यापर्यंत लावलेली होती, त्यामुळे त्या दिवसाची हजेरी मिळाली. पुढच्या दिवसांची मिळणार नाही.

आता तुम्ही साहेबांच्या स्वेटरला हसत असाल, त्यांच्या आईच्या मळखाऊ रंगाला हसत असाल. खुशाल हसा. पण समितीने चुकून का होईना, सुती शर्ट मंजूर केला होता. तो नामंजूर कोणी केला, हे शोधायला मी मुद्दाम काकूंनी भिंगातून काढलेला तो फोटो कुठे कुठे फिरला ते बघितलं. तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर तो आला होता. खाली 'माहितीबद्दल आभार' म्हणून हात जोडणाऱ्यांत तुमचं नाव होतं.

तुमच्या गच्चीवर आता नवीन बाई येईल, भर दुपारी, गडद निळ्या जाकिटात. तुम्ही भिंगातून बघाल आणि लगेच दार उघडाल.