दिनानाथ चुरी यांच्या वाडीत पडलेला आक्षेपार्ह धोंडा

महायुद्ध सुरू होते तेव्हाची गोष्ट. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, वटार गावच्या दिनानाथ चुरी यांच्या केळीच्या वाडीत आकाशातून एक धोंडा पडला. विहिरीच्या काठाशी पडला. एका केळीचे पान करपले आणि एक कोंबडी काही काळ बहिरी झाली. याव्यतिरिक्त नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते दिनानाथांनी ही गोष्ट सरकारला कळवल्यावर.

दिनानाथांना आकाशाचा नाद होता. दिवसा राजेळी केळींची निगा राखायची, पिकलेली केळी वाळवून सुकेळी करायची आणि संध्याकाळी अंगणात खाट टाकून तारे बघायचे, असा त्यांचा क्रम. गाव त्यांना वेडे म्हणत नसे, कारण सुकेळी फार चांगली असत. तो काळा, जड आणि अजून गरम असलेला धोंडा बघताच ते पत्नीला म्हणाले, "अगं, ही उल्का आहे."

"असू दे," जयवंतीबाई म्हणाल्या. "निवली की लोणच्याच्या बरणीवर ठेवते. दडपणाला बरी आहे."

त्यांचे ऐकले असते तर गोष्ट इथेच संपली असती आणि लोणचेही टिकले असते. परंतु आकाशातून काहीही पडल्यास लष्कराला ताबडतोब कळवावे, असा हुकूम चावडीवर लागलेला होता. दिनानाथ कायदा पाळणारे गृहस्थ. शिवाय एखाद्या मोठ्या संग्रहालयात काचेच्या कपाटात हा धोंडा ठेवला आहे आणि खाली 'चुरी उल्का' असे लिहिले आहे, हे दृश्य त्यांना दिसू लागले होते. लग्नातला कोट घालून ते किनाऱ्यावरच्या लष्करी छावणीत गेले.

छावणीचे कॅप्टन देशावरचे, मराठी बोलणारे होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"आकाशातून पडणाऱ्या वस्तूंचे आमच्याकडे तीन प्रकार आहेत," ते म्हणाले. "आपल्या, शत्रूच्या आणि पाऊस. हा पाऊस आहे का?"

"नाही साहेब."

"आपण तर दगड टाकत नाही."

"साहेब, हा अंतराळातून आलाय. ग्रहांच्या मधल्या जागेतून."

"तिथे राज्य कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"म्हणजे आपलं नाही," कॅप्टन म्हणाले. "युद्धकाळात जे आपलं नाही ते शत्रूचं. तुम्ही कळवलंत हे फार उत्तम केलंत."

दिनानाथ घरी पोचायच्या आत लष्कराची गाडी वाडीत पोचली होती. विहिरीभोवती दोर बांधले गेले, वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या आणि पाणी काढण्यास मनाई झाली. शेजारच्या कार्मिनबाईंची वांगी याच विहिरीवर जगत होती. त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "दिनानाथभाऊ, तुमच्या धोंड्याला सांगा, पानी सोड म्हनावं. माजी वांगी मान टाकायला लागली."

"थोडी कळ काढा," दिनानाथ म्हणाले. "तपासणी झाली की कळेलच त्यांना, ही उल्का आहे."

तपासणीसाठी स्फोटके निकामी करणारे पथक आले. संशयित वस्तू प्रथम जवळच्या पाण्यात बुडवावी, असा पथकाचा नियम होता. जवळचे पाणी म्हणजे विहीर. लांब बांबूंनी धोंडा ढकलत ढकलत काठावर आणला गेला. "साहेब, मला एकदा हातात घेऊन बघू द्या," असे दिनानाथ म्हणत असतानाच आतून डुबुक असा आवाज आला. ते दोराला धरून उभे राहिले. बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"आता तरी धोका टळला?" त्यांनी विचारले.

"उलट वाढला," कॅप्टन म्हणाले. "मघापर्यंत शत्रूची वस्तू दिसत होती. आता दिसतसुद्धा नाही."

विहीर बेमुदत बंद झाली. त्यानंतर कॅप्टनांना निराळाच प्रश्न पडला. एवढे मोठे आकाश आणि एवढा मोठा मुलूख असताना शत्रूने नेम धरला तो या वाडीवरच का? ज्या अर्थी शत्रूला ही वाडी महत्त्वाची वाटते, त्या अर्थी ती महत्त्वाची असलीच पाहिजे. चुरींची केळी त्याच दिवशी लष्करी महत्त्वाची सामग्री ठरली. ती विकण्यास बंदी आली. ओटीवर वाळत घातलेली सुकेळी परीक्षणासाठी छावणीत गेली. परीक्षण समाधानकारक झाले असावे, कारण आणखी नमुने मागवण्यात आले.

अशा ठिकाणाचे संरक्षण करणे प्राप्तच होते. वाडीच्या मधोमध विमानविरोधी तोफ आली. तोफेला केळींमुळे आकाश दिसेना, म्हणून केळी तोडल्या. वडिलांच्या हातची लागवड आडवी होत असताना दिनानाथ ओटीवर खांबाला टेकून बसले होते. जयवंतीबाई हिरवे घड गोळा करत हिंडत होत्या.  दिनानाथांना ते बघणेच जड गेले.

केळी गेल्यावर तोफ वरून उघडी दिसू लागली. शत्रूला तिथे वाडीच दिसली पाहिजे, असे कॅप्टनांनी ठरवले. मग बांबू पुरून त्यांना गोणपाटाची पाने शिवण्यात आली आणि ती हिरव्या रंगाने रंगवण्यात आली. काम चोख होते. पहिल्याच दिवशी कार्मिनबाईंची शेळी तिथे चरायला गेली आणि हिरवे तोंड घेऊन परत आली.

"वाडी आहे तर माळीही दिसला पाहिजे," कॅप्टन म्हणाले. "तुम्ही रोज सकाळी झारी घेऊन पाणी घालत चला."

"साहेब, विहीर बंद आहे."

"झारी रिकामीच न्यायची. वरून काय कळतंय."

दिनानाथ रोज सकाळी रिकाम्या झारीने गोणपाटाला पाणी घालू लागले. सुरुवातीला त्यांना लाज वाटे. पुढे पुढे कोपऱ्यातल्या एका बांबूपाशी ते उगाचच जरा जास्त वेळ थांबू लागले. जयवंतीबाई म्हणाल्या, "अहो, त्याला पुरे झालं. मुळं कुजतील."

युद्ध संपले. तोफ गेली, दोर निघाले. निघताना कॅप्टनांनी दिनानाथांचा हात हातात घेतला आणि सांगितले, की गोणपाटाची वाडी सरकारी मालमत्ता आहे. छावणीच्या परवानगीशिवाय एकही पान काढता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दिनानाथ परवानगी मागायला गेले तेव्हा छावणीच्या जागी मासळी वाळत होती. मग त्यांनी दिसेल त्या कचेरीत विचारले. प्रत्येक कचेरीने सांगितले, की परवानगी देणे आमच्याकडे नाही. पान काढल्यास शिक्षा देणे मात्र आमच्याकडे आहे.

पुढे इंग्रज गेले, आपले राज्य आले आणि उत्तम बागायतदारांची निवड करण्यासाठी एक समिती तालुक्यात फिरू लागली. समितीच्या सभासदांनी मोटारीतूनच चुरींची वाडी पाहिली. ऐन उन्हाळ्यात एक पान पिवळे नाही, कीड नाही, आणि चौकशीअंती कळले की पाण्याचा वापर शून्य. पहिला क्रमांक एकमताने जाहीर झाला.

सवयीने हातात धरलेली झारी तशीच घेऊन दिनानाथ धावत मोटारीपाशी गेले. "साहेब, ते गोणपाट आहे. खाली उतरा, हात लावून बघा."

"किती विनयशील माणूस," अध्यक्ष सभासदांना म्हणाले, आणि फोटो काढायला सांगितला.

तो फोटो वर्तमानपत्रात छापून आला. भरगच्च वाडीसमोर झारी घेऊन एक गृहस्थ उभे आहेत आणि काहीतरी सांगण्यासाठी त्यांचे तोंड उघडे आहे. आपणही तो पाहिला असेलच. वर्तमानपत्र घरच्यांपुढे धरून, "बघा, माणूस मेहनत करतो तेव्हा काय होतं," असे आपण म्हणाला होतात.