आत की बाहेर?

शटल लाइनच्या आत पडलं की बाहेर, हे अंपायरच्याही आधी ओळखणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे डोळे तपासत होता! निदान चष्मेवाल्याचं स्वतःबद्दल असं ठाम मत होतं. पन्नाशी उलटली तरी स्वतःच्या डोळ्याला नंबर नाही, याचा त्याला एवढा तोरा, की गिऱ्हाइकाला भिंग लावतानाही तो किंचित कीव केल्यासारखा बघायचा.

दुकानात टीव्ही, घरी टीव्ही, दोन्हीकडे बॅडमिंटन. स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "काय हो, आत की बाहेर?"

"आत! सुताने आत! अंपायरला चष्मा लागलाय!"

याने स्वतः जन्मात रॅकेट धरली होती ती फक्त लेकीची, तीही पिशवीत घालून खांद्यावर. एकदा एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "दुसऱ्याला खेळताना बघून तुम्हाला मिळतं काय हो?"

"अहो, खेळणाऱ्याला नुसता घाम येतो. मतं आपल्याला येतात!" चष्मेवाला म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

लेक मात्र हसायची नाही. ती चांगली खेळायची, खरोखर चांगली. पण बाप समोर बसला की हमखास हरायची. कारण बाप नुसता बघायचा नाही. "क्रॉस मार! पाय हलव! अगं, बॅकहँड!" आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं ते "अरेरे!"

"बाबा, तुमचं 'अरेरे' शटल खाली पडायच्या आधी माझ्यापर्यंत येतं," फायनलच्या आदल्या दिवशी तिने सांगून टाकलं. "या वयोगटातली ही माझी शेवटची संधी आहे. जिंकले तर संघात, हरले तर घरी. उद्या तुम्ही येऊ नका."

"नाही येत. शब्द देतो!"

शब्द दिला खरा, पण दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एका आजोबांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावून हा पठ्ठ्या मागच्या दाराने सटकला. फक्त लांबून, खांबाआडून, तोंड शिवून बघायचं, असा बेत होता. अंगावर दुकानातलाच पांढरा शर्ट आणि काळी पँट. इथेच घोड्याने पेंड खाल्ली! कारण हॉलमध्ये लाइनीपाशी बसून आत की बाहेर ते सांगणाऱ्या सगळ्या लाइन जजांचा पोशाख तोच होता.

"अहो, तुम्ही इथे काय करताय?" छातीवर बिल्ला लावलेल्या आयोजकाने त्याचं मनगट धरलं. "तुमची खुर्ची कधीची मोकळी पडलीय! तिसरा गेम सुरू होतोय!"

"मी नाही हो, मी तर..."

"चला, चला!"

मोठ्याने नाही म्हणावं, तर लेक वळून बघणार. त्यामुळे चष्मेवाला मुकाट्याने गेला आणि कोर्टाच्या मागच्या लाइनीला डोळे लावून बसला. लेक त्याच टोकाला खेळत होती, याच्याकडे पाठ करून. पहिलंच शटल लाइनबाहेर पडलं. याने दोन्ही हात पसरून असा काही "आउट!" ठोकला, की वरच्या गॅलरीतली माणसंही दचकली. दुसरं आत, तिसरं बाहेर. एकही चूक नाही! जन्मभर आपण चुकीच्या खुर्चीत बसत होतो, असं त्याला वाटायला लागलं. छाती फुगली.

मग गेमच्या मध्यावर खेळाडूंनी बाजू बदलल्या आणि लेक जाळीपलीकडे, बरोबर समोर आली. तिने घाम पुसला, वर बघितलं आणि तिला बाप दिसला.

 तिने फक्त ओठ घट्ट मिटले.  चष्मेवाल्याने तोंडावर कुलूप लावलं, हात गुडघ्यांत दाबले. "अरेरे" दोनदा घशापर्यंत आलं, दोनदा त्याने ते गिळलं. आणि लेक खेळली! बाप समोर असून खेळली! कपाळाला चिकटलेले केस, दाताखाली धरलेला खालचा ओठ. लहानपणी पायऱ्या चढतानाही ती ओठ असाच धरायची. तो बघतच राहिला.

एका पॉइंटवर सामना आला. पॉइंट मिळाला की लेक संघात. लांबलचक रॅली झाली, लेकीने शटल उंच, खोल टाकलं. पलीकडची मुलगी मागे धावत आली, थांबली, सोडून दिलं. टप्!

हॉल शांत. अंपायर चष्मेवाल्याकडे बघू लागला. गॅलरी त्याच्याकडे बघू लागली. लेकही बघू लागली.

शटल त्याच्या पायांपुढे लोळत होतं. ते पडलं कुठे होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बघितलंच नव्हतं! तो लेकीचा चेहरा बघत होता.

"लाइन जज?" अंपायर म्हणाला.

"आत होतं, आत!" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. "छे, बाहेर!" दुसरा. "आंधळा बसवलाय!" तिसरा, आणि सगळा हॉल हसला. इतकी वर्षं तो ज्या मजेने दुसऱ्यांकडे बघत आला होता, त्याच मजेने आज सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

आणि लाइन जजला शटल दिसलं नाही, तर त्याने हीच खूण करायची असते!

अंपायरने मान डोलावली. त्यालाही मधल्या खेळाडूमुळे दिसलं नव्हतं. "लेट! पॉइंट पुन्हा खेळा."

पुन्हा खेळलेला पॉइंट लेक हरली. मग पुढचे दोन्ही. हरलेल्या मुलीनेही अंपायरशी हात मिळवायचा असतो, तो तिने मिळवला. लाइन जजकडे बघितलं नाही.

"पलीकडची मुलगी स्वतः म्हणाली, आत होतं," एवढंच तिने घरी आईला सांगितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दुकानातून आला तो नाकावर चष्मा लावून. "वय झालं," तो बाहेरच्या खोलीत उभा राहून बायकोला, पण लेकीच्या दारापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "लांबचं धूसर दिसायला लागलंय. काल त्यामुळेच घोटाळा झाला बघ."

दार उघडलं. लेकीने जवळ येऊन त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"बाबा, याला नंबरच नाहीये."

 जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासलेला माणूस, जमिनीकडे बघत उभा राहिला.

"मग काल काय बघत होतात तुम्ही?" तिने विचारलं.

"तुला," तो म्हणाला.

 मग तिने चष्मा नीट त्याच्या कानांवर बसवला. "असू दे. लोकांना सांगायला बरा आहे." आणि आत गेली.

रविवारी टीव्हीवर फायनल होती. चष्मेवाला चष्मा लावून समोर बसला होता. लेकीची रॅकेट कपाटावर होती, पिशवीसकट. पडद्यावर शटल नेमकं लाइनीवर पडलं, खेळाडूंनी हात वर केले, प्रेक्षक ओरडले.

"काय हो," सवयीने स्वयंपाकघरातून आवाज आला, "आत की बाहेर?"

"दिसलं नाही," चष्मेवाला म्हणाला.