रिकाम्या पोटी

साडेचार वाजता गहिनीनाथ मास्तरांनी शेजारच्या कारभारींच्या ओट्यावर आयुष्यात पहिल्यांदा चहाला नको म्हटलं.

"नको?" रतनबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. "गवती चहा घातलाय, मास्तर."

"आज नको, वहिनी. पोट जरा..."

"काय झालं पोटाला?"

"तसं काही नाही."

पोटाला खरंच काही झालं नव्हतं. झालं होतं ते पायांना. शुगरमुळे तळपायांच्या नसा कमजोर झाल्या होत्या. दिवसा कापसावर चालल्यासारखं वाटायचं आणि दिवेलागणीला मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. राहुरीच्या डॉक्टरांनी अल्फा लिपोइक अॅसिडच्या कॅप्सूल दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, "रोज एक. रिकाम्या पोटी."

दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. पण मास्तर देवळालीच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल होते. डबीतल्या चिठ्ठीची बारीक अक्षरं त्यांनी भिंगातून तीनदा वाचली. पोट रिकामं म्हणजे किती रिकामं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांना फोन करून विचारावं, तर एवढंही कळत नाही का, असं ते म्हणतील. शेवटी मास्तरांनी स्वतःच ठरवलं, की आधी दोन तास काही नाही आणि नंतर एक तास काही नाही. आग संध्याकाळी होते, म्हणून गोळी पाचला. म्हणजे तीन ते सहा उपास.

त्यात साडेचारचा चहा येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा रतनबाई कप घेऊन समोर उभ्या होत्या.

तो चहा म्हणजे नुसता चहा नव्हता. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा सुनील पुण्याहून रविवारी फोन करायचा. बाकी दिवसभरात मास्तरांशी कुणी बोलत असेल तर ते कारभारी, तेही चहाच्या कपापुरतं. ओट्यावर मास्तरांसाठी एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची कायम मांडलेली असे. पायांचं सरळ सांगून टाकता आलं असतं. पण आपलं दुखणं बायकोखेरीज कुणाला सांगायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशीही चहा नको झाला आणि तिसऱ्याही. चौथ्या दिवशी कारभारींच्या मुलीला, वृषालीला बघायला संगमनेरपलीकडच्या अकोले गावचे पाहुणे आले. जाणता शेजारी म्हणून मास्तरांना पाहुण्यांशेजारी सतरंजीवर बसवलं. पोहे झाले ते बरोबर अडीचला, म्हणून मास्तरांनी खाल्ले. पण बोलणी लांबली आणि चहा आला सव्वाचारला.

"मला नको," मास्तर हळूच म्हणाले.

मुलाचे चुलते आबासाहेब कप तोंडाला लावणार होते. त्यांनी तो खाली ठेवला. "का हो मास्तर?"

"सहज."

"सहज कुनी चहा सोडतं व्हय?"

मास्तरांनी सतरंजीच्या रेघांकडे बघितलं. आबासाहेबांनी मुलाच्या बापाकडे बघितलं. शेजारचा जाणता माणूस सोयरिकीचा चहा घेत नाही, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे आणि तोंडाने सांगवत नाही, हे आबासाहेबांना कुणी शिकवायला नको होतं. एकेक करून सगळे कप बशीत टेकले.

"कळवतो," म्हणून पाहुणे उठले.

गाडी वळणाआड गेल्यावर कारभारी म्हणाले, "मास्तर, काय वाकडं केलं हुतं आमी तुमचं?"

"कारभारी, अहो, माझी गोळी असते..."

"राहू द्या. चार दिस बघतोय मी. आमच्या घरचं पानी बी नको झालंय तुमाला."

दुसऱ्या दिवशी साडेचारला मास्तर बाहेर आले, तर निळी खुर्ची ओट्यावर नव्हती. आत नेऊन ठेवली होती. मास्तर दारात थोडं उभे राहिले, मग काही आठवल्यासारखं करून आत गेले. आठवलं काहीच नव्हतं.

पुढच्या सकाळी दोन एसट्या बदलून ते अकोल्याला पोचले. काय बोलायचं ते वाटेत मनाशी सात वेळा म्हणून पाहिलं होतं. आबासाहेबांच्या दारात त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"पोरगी लाखात एक आहे," ते एकदम म्हणाले. "खोट माझ्या पायात आहे."

आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "गोळीपायी येवढं? न्हाई पटत, मास्तर. कारभाऱ्यानं धाडलं ना तुमाला?"

आबासाहेबांची नजर खाली गेली.

"मास्तर, दुसरी चप्पल कुठाय?"

मास्तरांनी वाकून बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता, डांबराने काळा झालेला. ती चप्पल एसटीत निसटली की संगमनेरच्या स्टँडवर, त्यांना पत्ताच नव्हता. आबासाहेबांनी त्यांना बाजेवर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि टाचेतून बाभळीचा बोटाच्या पेराएवढा काटा उपसून काढला. रक्ताचा थेंब आला. मास्तर शांतपणे बघत होते, जणू पाय दुसऱ्याचा होता.

"दुखलं का?"

"नाही."

आबासाहेबांनी हातातला काटा बघितला, मग मास्तरांचा चेहरा. मग घरात तोंड करून ओरडले, "चहा टाकू नका गं! मास्तरांना चालत न्हाई!"

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मास्तरांना चहा हवा होता. पण एवढं मनावर घेणाऱ्या माणसाला कसं सांगणार?

आबासाहेबांनी तिथूनच कारभारींना फोन लावला. सोयरीक जुळली. संध्याकाळी मास्तर परतले तेव्हा निळी खुर्ची ओट्यावर आली होती, पुसून.

टाचेच्या पट्टीसाठी मास्तर राहुरीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी रोज पाय बघायची तंबी दिली आणि गोळीची हकिगत ऐकून हसत सुटले. "अहो, सकाळी उठल्या उठल्या घ्या ना! रात्रभराचं पोट रिकामंच असतं. मग अर्ध्या तासाने खुशाल खा-प्या."

त्या दिवशी मास्तर ओट्यावर बसले ते ठरवूनच. रतनबाई दोनच कप घेऊन आल्या. मास्तरांनी घसा साफ केला. मागून काही घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"वहिनी, आज मलापण. अर्धा कप."

रतनबाई थबकल्या. कारभारींचे डोळे भरून आले.

"बघितलं का? आपल्याला वाईट वाटू नये म्हनून मानूस पथ्य मोडायला निघाला!"

"नाही हो, खरंच चालतं आता. डॉक्टरांनीच..."

"मास्तर, आमच्यापुढं कसली भीड? तुमी पथ्य पाळा." कारभारी कप घेऊन उठले. "चल गं, आपन आत पिऊ. त्यांच्या देखत बरं दिसत न्हाई."

दोघं आत गेली. जाताना रतनबाईंनी मास्तरांपाशी तांब्याभर पाणी ठेवलं. आतून बशीचा आवाज आला, मग कारभारींचा.

"लई मोठ्या मनाचा मानूस."

मास्तर तांब्यातलं पाणी थोडं थोडं प्यायले आणि दोघं बाहेर यायची वाट बघत बसले.