मिरेसाच्या वाफ्यातले तण

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता मिरेसाच्या जवसातले तण चोवीस जणांनी मुळापासून उपटले. मिरेसा तेव्हा शांबू गावच्या बाजारात मीठ घेत होता.

अकरा वाजता तो परतला, तेव्हा बांधावर तणाची रास होती आणि त्याच्या दोन्ही गाई तिच्यात तोंड घालून उभ्या होत्या.

"कोणी केलं हे?"

"आम्ही!" दिबाबा म्हणाला. एकमेकांच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायची गावातली प्रत्येक इर्जिक हाच जमवी आणि हाच हाकी. "तू काही तोंड उघडून सांगणार नाहीस. गुडघ्याएवढं रानकारळं माजलंय, म्हणजे गडी नक्की आजारी. मग आम्ही काय बघत बसायचं?"

मिरेसा ठणठणीत होता. ते तण त्याने दोन महिने जपले होते. संशोधन केंद्राने त्याच्या शेतात चार वाफे आखले होते, दोन गावच्या जुन्या जवसाचे, दोन नव्या वाणाचे. प्रत्येक वाणाचा एक वाफा दोनदा खुरपायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तणात कोणते वाण तगते आणि खुरपल्याने किती दाणा वाढतो, हे काढणीला मोजायचे होते. प्रयोग बिनचूक पार पडला तर नव्या बियाण्याचे गावातले पहिले पोते मिरेसाला मिळणार होते. सोमवारी केंद्राच्या सिफानबाई पाहणीला येणार होत्या.

"फळी दिसली नाही? 'खुरपू नये' असं लिहिलंय!"

"दिसली की. तिच्यावरच बसून विळे घासले. खाली चिखल होता."

मिरेसा बायकोकडे वळला. "लिकितू, तुला तर माहीत होतं!"

"चोवीस माणसं विळे घेऊन दारात आली. त्यांना काय सांगू? परत जा, आमचे मालक तण पिकवतायत? पाणवठ्यावर बायका विचारतात, घरात कोण अंथरुणाला खिळलंय म्हणून. ते मी ऐकते, तुम्ही नाही."

इर्जिकेला आलेल्यांना यजमानाने स्वतः वाढायचे आणि शेवटी आशीर्वाद द्यायचा, ही तिथली रीत. मिरेसाने चोवीस जणांच्या वाडग्यांत जवाची बिअर ओतली.

"तुमच्या हातांना बळ येवो," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून दाराशी झोपलेले कुत्रे उठून गेले.

दुपारी त्याने ठरवले, तण पुन्हा लावायचे. पण आणायचे कुठून? रास गाईंच्या पोटात गेली होती आणि इर्जिकेने सगळा डोंगरउतार चकाचक केला होता. तण उरले होते ते एकाच शेतात. ते शेत दिबाबाचे होते. गावाची शेते खुरपताना त्याला स्वतःच्या शेतात डोकवायला सवड मिळाली नव्हती.

मिरेसाने तिथे दहाबारा रोपे काढली असतील, तोच दिबाबा आला.

"एकटाच आलास? सकाळचं लगेच फेडायला?"

"फेडत नाहीये! तुझं तण चोरतोय!"

"काय माणूस आहे!" दिबाबा डोळे पुसत म्हणाला आणि शेजारी बसून भराभर उपटू लागला.

"मुळं तोडू नकोस, गाढवा! मातीसकट काढ!"

केंद्राने शिकवलेली नवी पद्धत असेल, असे समजून दिबाबाने मुकाट्याने मातीसकट काढले. अंधार पडायच्या आत दोन्ही वाफे भरले.

सोमवारी सिफानबाई वाफ्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या. आयुष्यभर नीट शेती केलेल्या मिरेसाचा हात तण लावतानाही वाकडा चालला नव्हता.

"मिरेसा, हे तण ओळीत उगवलंय."

"शिस्तीचं आहे."

"वीत वीत अंतरावर?"

"आमच्याकडची जमीनच तशी आहे, बाई."

त्यांनी वाकून एक रोप जरासे ओढले. ते मातीच्या गोळ्यासकट हातात आले. मिरेसाने ते हिसकावून पुन्हा रोवले आणि भोवतीची माती पायाने घट्ट केली.

"हात लावायचा नाही!" तो ओरडला. "तुम्हीच सांगितलंत ना?"

सिफानबाईंनी वहीचे नवे पान उघडले. त्यांनी दीड पान लिहिले. काय ठरायचे ते केंद्रात ठरेल, एवढेच सांगून त्या गेल्या.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत केंद्राचा निरोप आला नव्हता. त्या दुपारी दिबाबाचे वासरू वाफ्यात शिरले, तेव्हा मिरेसा काठी घेऊन धावला. त्याने आधी तण वाचवले, मग जवस.