वरच्या फळीवरची निद्रामावशी

निद्रामावशीच्या मेलला उत्तर न देणारा माणूस या इंटरनेटवर अजून जन्माला यायचाय! आणि ही निद्रामावशी म्हणजे मीच. मागच्या महिन्यात मी पंधरा जणांना लिहिलं आणि चौदा जणांची उत्तरं आली. तीही तासाभरात, तीही हात जोडून उभं राहिल्यासारखी! फक्त ती चौदाही माणसं एवढी घाबरलेली का होती, हे मला जरा उशिरा कळलं. तोवर आमच्या घरात शांत झोपणारं माणूस एकच उरलं होतं, ते म्हणजे आठ महिन्यांची ठकू.

आधी माझं काम सांगते, कारण ते माझ्या आईलाही अजून कळलेलं नाही. मी घरी बसून एका गाद्यांच्या कंपनीच्या वेबसाइटसाठी बॅकलिंक मिळवते. म्हणजे असं, की दुसऱ्या एखाद्या नावाजलेल्या वेबसाइटनं आपल्या पानावर 'झोपेबद्दल इथे वाचा' म्हणून आमची लिंक दिली, तर सर्च इंजिनला वाटतं, अरे, भली माणसं हिच्याबद्दल चांगलं बोलतायत, घ्या हिला वर! भाडेकरू ठेवताना चार घरी चौकशी करतात ना, तसंच. टुकार साइट्सच्या शंभर लिंका मिळाल्या तरी उपयोग नसतो. चांगल्यांच्या दहा पुरतात.

आमच्या टीम लीडर मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "महिनाअखेर शहरातल्या बारा चांगल्या साइट्सच्या लिंका हव्यात, आणि आपण पहिल्या पानावर. नाहीतर एक तारखेपासून ऑफिसला येऊन बसा!"

ऑफिसला बसा म्हणजे नऊ ते सहा. आणि ठकूची झोप दुपारी दोन दहा ते तीन वीस. झोपताना ती माझी डावी करंगळी मुठीत धरते. सुटली की जागी! त्यामुळे मी एका हातानं टाइप करते. त्या मुठीत दुसऱ्या कुणाची तरी करंगळी असेल, एवढं मनात आलं तरी मी करंगळी आणखी आत सरकवायची.

मी माझ्या नावानं तेहेचाळीस मेल पाठवले. उत्तरं आली शून्य! शेवटी ऑफिसातल्या लिंकदादांना फोन लावला. आठ वर्षं याच कामात आहेत ते.

"ताई, तुमच्या नावानं कोण उत्तर देणार? एक वयस्क, विश्वासातली बाई उभी करा. झोपेवर सल्ले देणारी. फोटोसकट."

"खोटी बाई?"

"आपल्या धंद्यात सगळे करतात. पण फोटो इंटरनेटवरून उचलू नका हां! लोक फोटो टाकून शोधतात. तीच बाई चार ठिकाणी चार नावांनी सापडली की आपला बाजार उठला. जो चेहरा इंटरनेटवर कुठेच नाही, तो हवा."

"सासूबाईंचा लावू?"

"त्या जिवंत आहेत ना? मग नको. विचारतील."

हे घर आम्ही तीन महिन्यांपूर्वी भाड्यानं घेतलं. घर चांगलं, हवेशीर, पण जरा चमत्कारिक. आतल्या खोलीच्या भिंतीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओळीनं अकरा खुंट्या! गुडघ्याएवढे लोक कोण राहत होते इथे? आणि त्या खोलीच्या दाराला कडी फक्त बाहेरून, तीही माझ्या डोक्याच्या वर.

भिंतीतल्या कपाटाची सगळ्यात वरची फळी पुसताना, कागदाखाली तो फोटो मला सापडला होता. पांढरा अंबाडा, जाड चष्मा, मिटलेले ओठ. मागे नाव नाही, काही नाही. बाई अशी बघत होती की माझा हात फडक्यासकट थांबला.

नवऱ्यानं तेव्हा विचारलं होतं, "ही कोण?"

"काय माहीत!"

"मग माझ्याकडेच का बघतेय? मी काय केलंय?"

इंटरनेटवर कुठेच नसलेला चेहरा! मी तो फोटो मोबाइलनं टिपला, 'निद्रामावशी' नावाचा मेल उघडला आणि कामाला लागले. बाई खोटी असली तरी मजकूर खरा लिहायचा, असं ठरवलं. 'माझ्या कुशीत आठ महिन्यांचं बाळ आहे. दोन दहाला झोपतं. त्याची मूठ सुटू नये म्हणून मी एका हातानं लिहिते आहे,' अशी सुरुवात केली. खाली तो चेहरा लावला.

फोटो मी समोर टेबलावर बाटलीला टेकवून ठेवला होता. आणि मला पहिला धक्का बसला तो तिथेच. ठकूला झोपवायला एरवी चाळीस मिनिटं लागतात. त्या दिवशी तिनं फोटोकडे पाहिलं, डोळे मोठे केले, आणि दोन मिनिटांत गाढ! माझी करंगळी न धरता! खोलीत एकदम शांत झालं. पडदा हलायचा थांबला. मला उगाचच वाटलं, आपणही बोट ओठांवर ठेवून गप्प बसावं.

अर्ध्या तासात पहिलं उत्तर आलं, दातांच्या डॉक्टरांचं. 'लिंक दिली आहे. अजून कुठे द्यायची असल्यास सांगावे. आणि दूध मी सांडलं नव्हतं. तो दुसरा होता.'

दूध? कसलं दूध?

मग मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मालकांचं उत्तर आलं. 'फोटो उघडला आणि खुर्चीतच डोळा लागला. जागा झालो तर दोन तास उलटले होते. बाहेर शिकाऊ मंडळी गाडी घेऊन गेली ती अजून परतलेली नाहीत. लिंक लावली आहे. कृपया फोटो पुन्हा पाठवू नये.'

तिसरं वर्तमानपत्राच्या संपादकांचं. 'आपण जाऊन सहा वर्षं झाली असं ऐकलं होतं. तरी लिंक दिली आहे. कळावे.'

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. त्यानं ते तीनदा वाचलं.

"जाऊन म्हणजे? कुठे जाऊन?"

"गावाला गेल्या असतील अरे."

"गावाला गेलेल्या माणसाला कुणी 'तरी' म्हणत नाही! अगं, तू मेलेल्या बाईच्या नावानं गाद्या खपवतेयस!"

"नावानं नाही. नुसत्या तोंडानं."

त्यानं उठून फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्याच क्षणी ठकूनं असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकली. फोटो सरळ केला, टाहो बंद! उलटा केला, पुन्हा सुरू! चौथ्यांदा सरळ करून नवरा म्हणाला, "मी आजपासून हॉलमध्ये झोपतो."

हॉलमध्येही त्याचं अंथरूण आतल्या खोलीपासून जितकं लांब जाईल तितकं लांब होतं. आणखी एक फूट सरकला असता तर जिन्यात झोपला असता.

खरं सांगून टाकावं असं मलाही वाटत होतं. पण तोवर आठ लिंका झाल्या होत्या आणि आमची साइट पाचव्या पानावरून दुसऱ्या पानावर आली होती. फक्त चारच हव्या होत्या! ठकू समोर तोंड उघडं टाकून झोपलेली, ओठ झोपेतही दूध पिताना हलतात तसे हलत होते. मी त्या ओठांकडे बघितलं, फोटोची मनातल्या मनात माफी मागितली आणि आणखी मेल पाठवले. लिंका चौदा झाल्या. आम्ही पहिल्या पानावर! मॅडमनी टाळ्या वाजवणारी चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोन दहाला एक मेल आला. अनोळखी पत्ता, एकच ओळ.

'त्या कपाटाच्या वरच्या फळीला हात पोचतो तुझा? उंच दिसतेस.'

मी कपाटाकडे बघितलं. कपाटाचं दार किंचित उघडं होतं. मीच उघडं टाकलं असणार. असणारच!

पाच मिनिटांनी दुसरा मेल. 'मूल झोपलं असेल. त्या खोलीत सगळी दोन दहालाच झोपतात.'

आणि तिसरा. 'उद्या येते. दार लोटून ठेव. बेल वाजवली की मुलं उठतात.'

नवऱ्यानं रजा टाकली. मला धीर द्यायला, असं तो म्हणाला. प्रत्यक्षात तो दीडपासून हातात झाडू घेऊन दाराआड उभा होता.

"झाडूनं काय करणारेस?"

"अगं, काहीतरी हातात असावं!"

दोनला पाच कमी असताना जिन्यात काठी वाजली. टक. थांब. टक. थांब. एकेक पायरी. आमच्या दाराशी आवाज थांबला. बेल वाजली नाही. दार आपोआप आत आलं, आणि दारात फोटो उभा! तोच अंबाडा, तोच चष्मा, तेच ओठ. नवऱ्याच्या हातून झाडू पडला आणि त्याची नजर थेट बाईंच्या पायांवर गेली.

"सरळच आहेत पाय," बाई म्हणाल्या. "उलटे असते तर तीन जिने चढले असते का मी? चप्पल काढ तुझी. आणि हळू बोल."

त्या न विचारता आतल्या खोलीत गेल्या. दिव्याचं बटण दाराआड आहे, आम्हाला ते शोधायला आठवडा लागला होता. त्यांनी न बघता लावलं. मग खुंट्यांवरून एकेक बोट फिरवत गेल्या, आणि ओठ हलत होते. अकरा नावं असावीत.

"पाळणाघर होतं माझं इथे. एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "मग मुलाकडे राहायला गेले. इकडे लोकांनी मला मारून टाकलं. तुझ्या दातांच्या डॉक्टरनं परवा रडत फोन केला मुलाला, की आई मेल पाठवतायत."

ठकू टकामका बघत होती. बाईंनी तिला घेतलं, पाठीवर दोन थापा आणि एक थांबा, दोन थापा आणि एक थांबा. ठकू झोपून गेली. "तू. पांघरूण घे," बाई नवऱ्याला म्हणाल्या. सहा फुटी माणूस मुकाट्यानं आडवा झाला. "तूही. जागी आहेस किती महिने?" एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा एवढी सलग झोप! बाई माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून मेल वाचत होत्या.

"चौदा जणांनी दिल्या वाटतं लिंका. चौदाही जणांचे लंगोट बदललेत मी. हा पंधरावा मात्र उत्तर देत नाही."

"का हो?"

"अजून रडत असेल."

मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. ऑफिस, एक तारीख, करंगळी. बाईंनी ठकूचं पांघरूण सारखं केलं.

"अकरा-अकरा मुलं झोपवली मी या खोलीत," त्या म्हणाल्या. "माझा स्वतःचा मुलगा मात्र शेजारीण झोपवायची."

मला वाटलं, सुटले! त्यांनी चष्मा पुसला.

"नातीनं पाळणाघर काढलंय. वेबसाइट आहे, पण काळं कुत्रं बघत नाही तिकडे. माझ्या तोंडावर मिळालेल्या लिंका तिकडे वळव."

"पण माझी नोकरी?"

"मग तोंडही स्वतःचं लावायचं होतंस." दारात त्या थांबल्या. "फोटो राहू दे तुझ्याकडे. उपयोगी पडेल."

मी चौदा जणांना लिहिलं. चौदाही लिंका तासाभरात वळल्या. आमच्या गाद्या पुन्हा पाचव्या पानावर गेल्या आणि मॅडमचा फोन आला, "एक तारखेला नऊला या."

रडत रडत 'जवळचं चांगलं पाळणाघर' शोधलं. पहिल्याच क्रमांकावर नात! फोन लावला.

"यादीत नाव घालते," नात म्हणाली. "तुमचा नंबर एकेचाळिसावा."

"अहो, तुम्हाला पहिल्या क्रमांकावर मीच आणलंय!"

"हो का? तिथे आल्यापासूनच तर जागा उरली नाही हो!"

एक तारखेला नवऱ्यानं पुन्हा रजा टाकली आणि मी ऑफिसला गेले. डावी करंगळी दिवसभर रिकामी राहणार होती. निदान ओळखीचा चेहरा समोर असावा म्हणून फोटो टेबलावर ठेवला. दोन दहाला मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मग एकेक करून सगळं शांत झालं. फोन वाजायचे थांबले. मी वळून बघितलं, तर बावीसच्या बावीस माणसं डोकं टेकून झोपलेली! लिंकदादा तर अंगठा चोखत होते. निम्मे याच शहरातले, पाळणाघरात बाईंच्याच हाताखालून गेलेले, हे मला कळू शकतं. पण उरलेले परगावचे होते. ते कसे झोपले, हे मला विचारू नका, कारण तोवर मीही झोपले होते.

तीन वीसला जाग आली. मॅडमच्या गालावर कीबोर्ड उमटला होता.

"तुम्ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून घरूनच काम करा."

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली! फोटो उचलायला गेले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तो राहू दे. माझी जुळी आहेत. दोन वर्षांची. दुपारी झोपत नाहीत."

तर मी घरी आहे. करंगळी ठकूच्या मुठीत आहे. मूठ घट्ट आहे, डोळे टक्क उघडे आहेत, आणि एवढं लिहायला मला अकरा दुपारी लागल्या.