डावीकडून येणाऱ्या डॉक्टर

डॉक्टर रोहिणी म्हात्रे माणसाला समोरून भेटत नाहीत, आणि मागून तर मुळीच नाही. त्या डावीकडून येतात. चार पावलं आधीपासून "मी येतेय हं, मी येतेय" असं हलक्या आवाजात म्हणत येतात, तुमच्या डाव्या खांद्यापाशी थांबतात आणि मगच कामाचं बोलतात. एकदा स्टेशनबाहेर मी भाजी घेत होतो आणि माझी डावी बाजू भिंतीला लागलेली होती. बाईंनी मी वळेपर्यंत वाट पाहिली. मी टोमॅटो निवडत होतो, त्यामुळे बराच वेळ गेला.

"घोड्याजवळ असंच जायचं असतं," त्यांनी खुलासा केला.

"अहो, पण मी जगताप आहे."

"असू दे. सवय एकच ठेवलेली बरी."

वसईतल्या आमच्या नायगावच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहतात. दारावर पाटी आहे, 'पशुवैद्य, फक्त घोडे'. ही पाटी लागली तेव्हा वॉचमनने दोन दिवस लिफ्टवर पहारा दिला होता. सोसायटीचे चेअरमन शिर्के पाटी नीट न वाचताच आपलं पॉमेरेनियन घेऊन गेले. बाईंनी त्याचे दात पाहिले, त्याला पॅसेजमध्ये एक फेरी मारायला लावली आणि निकाल दिला, "चाल चांगली आहे. पण घोडं नाही." शिर्के अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये डॉक्टर माझ्या डाव्या कानात कुजबुजतात, "कान बघा. शिर्क्यांचे कान मागे गेलेत, विषय बदला." मला शिर्क्यांचे कान जागच्या जागीच दिसतात. पण पाच मिनिटांत शिर्के भडकतात हेही खरं.

म्हात्रे मंडळी इथलीच, खाडीकाठची, भातशेतीवाली. घरात सात पिढ्यांत कुणी घोडा पाळलेला नाही. ही मुलगी जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा घरच्यांना वाटलं, म्हशी बघेल. ती गेली पुण्याकडच्या एका घोड्यांच्या फार्मवर आणि तिथे काही वर्षं काढून परत आली ती घोड्यांचीच डॉक्टरकी करायला. वसईत घोडे आहेत कुठे, असं सगळ्यांनी विचारलं. मीही विचारलं, कारण न मागता सल्ला देणं हा माझा जुना आजार आहे.

घोडे होते. वरातीचे होते, समुद्रावर पोरांना फिरवणारी तट्टं होती. मालकांचा मात्र बाईवर विश्वास नव्हता. "आधी हिंग, मग ओवा, मग मी," असं त्या स्वतःच म्हणायच्या. बोलावणं यायचं ते घोडं आडवं झाल्यावर. तरी स्कूटरला भली मोठी पेटी बांधून त्या निघायच्या.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. माझ्या पुतण्याच्या लग्नापर्यंत.

लग्न तुळिंजच्या एका हॉलमध्ये होतं, गोरज मुहूर्तावर. वरातीची घोडी उमेळ्याच्या दामूकाकांची. नाव राणी, पांढरीशुभ्र, गरीब स्वभावाची. नवरदेव चढला की त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवतात, तसं आमच्या मुलींनी ताटभर भरवलं. फोटो चांगला येईना म्हणून मीही दोन मुठी भरवल्या. राणीची त्या दिवसातली ही तिसरी वरात होती, आणि आधीच्या दोन्ही नवरदेवांनाही बहिणी होत्या, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

हॉलच्या फाटकाशी राणी थांबली. पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून सारखी आपल्या कुशीकडे बघू लागली आणि मग नवरदेवासकट खाली बसायला निघाली. पुतण्याने उडी मारली. दामूकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. मी डॉक्टरांना फोन लावला.

पंधरा मिनिटांत त्या आल्या. "बँड बंद!" ही पहिली आज्ञा. मग डावीकडून, "मी येतेय हं, मी येतेय" करत राणीजवळ गेल्या आणि कुशीला नळी लावून ऐकत राहिल्या.

"आतडं गप्प आहे. काय खाल्लंय?"

"डाल," दामूकाका म्हणाले. "तीन ठिकानी. सकुनाचा घास, नाय कसा म्हनू बाय? आता पानी पन नाय पीत."

"घोड्याला उलटी होत नाही, काका. आता जे जायचं ते खालूनच गेलं पाहिजे. नाही गेलं तर राणी जाईल."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. त्यांनी सुई टोचली, नाकातून लांब नळी घालून पोटात तेलासारखं औषध सोडलं आणि लगाम माझ्या हातात दिला. "दामूकाकांना बसू दे. डाळ तुम्हीही भरवलीत ना? आता चालवा. सावकाश."

नवरदेव पायी मांडवात गेला. मी सुटाबुटात पार्किंगमध्ये घोडी फिरवत राहिलो. दर फेरीनंतर डॉक्टर कान लावायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. दामूकाका पायरीवर बसून एकच विचारत होते, "डागतरीनबाय, रानी वाचल ना?" बाई घड्याळ बघत होत्या. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. आत मंगलाष्टकं सुरू झाली, पण अर्धे पाहुणे मुठीत अक्षता घेऊन बाहेरच उभे. "पडली का?" एवढंच जो तो विचारत होता.

कितव्या फेरीला ते आठवत नाही, पण राणीने शेपूट उचललं आणि लीद पडली. भरपूर पडली. आतून "सावधान" ऐकू आलं आणि बाहेरच्यांनी सगळ्या अक्षता लिदीवर टाकल्या. दामूकाका राणीच्या गळ्यात पडून रडले. मीही रडलो, त्यात लाजायचं काय? राणीने बादलीत तोंड घातलं आणि ती पाणी प्यायली.

पाहुणे जेवायला पळाले. मी डॉक्टरांना पान वाढून बोलवायला परत आलो तेव्हा त्या एकट्याच पायरीवर बसल्या होत्या. हातात फोन. अंगठा नावांच्या यादीवरून वर-खाली फिरत होता. मग त्यांनी फोन बंद करून मांडीवर ठेवला.

"आईला लावायचे," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "घोडं उठलं की पहिला फोन तिला. तिला घोड्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण मग? मग? करत सगळं ऐकून घ्यायची. मागच्या वर्षी गेली. आता घोडं वाचलं ना काका, की पुढचं काय करायचं तेच समजत नाही."

इतकी वर्षं एका इमारतीत राहून मी या बाईला कधी विचारलं नव्हतं की आज काय झालं. फक्त टोमॅटोची गोष्ट चार लोकांना हसून सांगितली होती. मला माझी लाज वाटली. मी शेजारी पायरीवर बसलो.

"डॉक्टर, मी आत मंगलाष्टकांना होतो. मला काहीच माहीत नाही. काय झालं इथे?"

माझ्या सुटाला घोडीचे पांढरे केस चिकटले होते, बुटाला लीद. त्यांनी ते सगळं पाहिलं. मग त्या नीट सरसावून बसल्या.

"अहो, काय सांगू! एका शहाण्या काकांनी फोटोसाठी घोडीला डाळ भरवली."

"मग?" मी विचारलं.