दहा नंबरचा पाना

आमच्या गॅरेजमधले सावंतकाका कुणाला नमस्कार करायचे नाहीत, बोटं मोजायचे. सकाळी आलं की त्यांच्या मालवणीत, "बोटां दाखय." संध्याकाळी निघालं की परत, "बोटां दाखय." आपण दोन्ही पंजे पसरून शहाण्या पोरासारखं उभं राहायचं. काका एकेक बोट मोजणार आणि म्हणणार, "दहा. जा." चहावाल्याचीही सुटका नव्हती.

शिवडीत आमचं गॅरेज. टेम्पो-टॅक्सीची वायरिंग, सेल्फ, बॅटरी ही आमची कामं. मी तिथे सात वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. या सात वर्षांत माझी बोटं जितक्या वेळा मोजली गेली, तितक्या वेळा माझ्या आईने मला हाकही मारली नसेल.

दुसरं खूळ पान्याचं. बॅटरीची वायर सोडवायला दहा नंबरचा पाना लागतो, आणि गॅरेजात नेमका तोच सारखा हरवतो. आमच्याकडचा एकुलता एक पाना काकांच्या कमरेला सुतळीने बांधलेला असायचा. आधी घड्याळ, कडं, अंगठी, चेन, सगळं काढून त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. मग काका स्वतः येऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडणार. त्याआधी गाडीला हात लावलात तर मेलात!

माझ्या लग्नात तर कहर केला. स्टेजवर आले, पाकीट देण्याआधी माझी बोटं मोजली आणि अंगठीकडे बघून म्हणाले, "ही सैल घ्यायची होतीस." बायको अजून विचारते, कोण होते ते? त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. अंगठी घालावी लागेल म्हणून घाबरले, असं आम्ही चहा पिताना खिदळायचो. आता त्याची लाज वाटते.

शेठ मात्र वैतागलेले. गिऱ्हाईक खोळंबलंय आणि हा म्हातारा डबा घेऊन फिरतोय! शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सावंत, आणखी एक गिऱ्हाईक तुमच्यामुळे गेलं, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं." घरी म्हणजे लालबागची दहा बाय दहाची खोली, आणि तिथे काका एकटे. तिथे बसून कुणाची बोटं मोजणार?

गेल्या महिन्यात सकाळीच मासळीचा टेम्पो आला. भाऊच्या धक्क्यावरून दादरला निघालेला, वाटेत बंद केला तो परत सुरूच होईना, सेल्फ गेलेला. बर्फाचं पाणी गळतंय, ड्रायव्हर शेठवर ओरडतोय, शेठ माझ्यावर. दुसरा इलेक्ट्रिशियन रजेवर, काकांना कंबरेमुळे गाडीखाली जाता येत नाही. मी डब्याशी गेलो, तर अंगठी निघेना. आदल्या रात्री दारात बोट चेमटून टम्म सुजलं होतं.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे. राहू दे ना."

काकांचा चेहरा पडला. "हेच मी महादेवला म्हणालो होतो."

त्यांनी मला टायरवर बसवलं, साबण लावला आणि बोटाला दोरा घट्ट गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता सांगत गेले. महादेव त्यांचा तरुणपणीचा, कामावरचा जोडीदार. दोघं एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे. त्याचा नुकताच साखरपुडा झालेला. अंगठी निघेना, गिऱ्हाईक घाईत, आणि काकाच म्हणाले होते, राहू दे, दोन मिनिटांचं तर काम. बॅटरीवर टेकवलेला पाना, बोटातली अंगठी आणि गाडीचा पत्रा एकाच वेळी चिकटले. शॉर्ट होऊन अंगठी लालबुंद झाली. बोट कापावं लागलं, लग्न मोडलं. महादेव गावी गेला तो गेलाच. काकांच्या एकाही पत्राला त्याने उत्तर दिलं नाही.

"सावंत!" शेठ ओरडले. "सोडा त्याला!"

काका गुंडाळतच राहिले. वीस मिनिटांनी अंगठी निघाली. तोवर ड्रायव्हर शिव्या घालत टेम्पो दुसऱ्या गाडीला बांधून घेऊन गेला होता.

"उद्या येऊ नका," शेठ म्हणाले.

"बरं," काका म्हणाले.

मी तोंड उघडायला हवं होतं. बोट माझं होतं, अंगठी माझी होती. पण घरी बायको गरोदर. माझीही नोकरी जाईल या भीतीने दातखीळ बसली. भित्रा आहे मी, दुसरं काय!

संध्याकाळी काकांनी सुतळी सोडली आणि पाना माझ्या हातात दिला. माझी बोटं मोजली. "दहा. आता सगळ्यांची तू मोजायची." आणि पिशवी उचलून निघाले.

मी दारात आडवा आलो. "काका, बोटं दाखवा."

सात वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्यांना हे विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले. मी एकेक बोट धरून मोठ्याने मोजलं.

"दहा," मी म्हणालो. पुढचं "जा" काही तोंडातून फुटेना.

काकांनी हात मागे घेतले नाहीत. खाली बघत म्हणाले, "पुन्हा एकदा मोज रे, झिला."